फॉर्मवरचं नाव

घाव तीन होते. दोन डोक्यावर, डाव्या कानाच्या वर, आणि एक उजव्या मनगटावर, कारण तिनं हात आडवा घातला असणार. मारलं होतं टॉमीनं. टॉमी म्हणजे चाकाचे नट खोलायचा लोखंडी दांडा. नवरा मार्केट यार्डात टेम्पो चालवायचा, त्यामुळे हत्यार शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही. हे सगळं फाइलमध्ये होतंच, पण मला ते आधी बोटांना कळलं. इलेक्ट्रोडची टोपी बसवण्यापूर्वी मी डोकं चाचपून घेते. डाव्या बाजूला बोट अचानक मऊ भागावर गेलं. तिथे हाड नव्हतं. सुजलेल्या मेंदूला जागा मिळावी म्हणून ते कापून काढलं होतं, आणि कातडीखाली मेंदू ठोके देत होता.

मी वहीत लिहिलं: डावी बाजू, हाड नाही, दाबायचं नाही.

मेंदूचे सिग्नल नोंदवणं हे माझं गेल्या अठरा वर्षांचं काम. प्रयोगशाळेत डोकं सरांचं आणि हात माझे, अशी वाटणी आहे. सर गणित करतात. मी टोप्या धुते, जेल भरते, तारा तपासते आणि याद्या करते. सत्रापूर्वीची यादी, सत्रातली यादी, सत्रानंतरची यादी. घरीही माझ्या फ्रिजवर याद्या असतात आणि त्यावरून घरचे मला बोलतात, पण आमच्याकडे गॅस संपून स्वयंपाक कधी अडलेला नाही.

तेव्हा आमचा अभ्यास चालला होता तो डोक्याला मार लागून डोळे उघडे पण हाकेला ओ नाही अशा रुग्णांवर. त्यांना ऐकू येतं का, आणि ऐकू आलं तर स्वतःचं नाव कळतं का, एवढाच प्रश्न. त्यासाठी मशीन घेऊन आम्ही रुग्णालयातच जायचो. कानात त्यांचं नाव आणि दोन परकी नावं उलटसुलट क्रमाने शेकडो वेळा वाजवायची. एवढ्या वेळा का, तर मेंदूचं उत्तर फार बारीक असतं आणि ते एकटं कधीच येत नाही. यार्डात सकाळी कांद्याचे दहा लिलाव एकाच शेडखाली चालतात, तसं ते. प्रत्येक इलेक्ट्रोडला सगळ्यांचा ओरडा एकत्र ऐकू येतो: पापण्यांची उघडझाप, छातीचा ठोका, जबड्याचे स्नायू, भिंतीतली वीज, आणि त्यात कुठेतरी मेंदू. पण टोपीतल्या चौसष्ट इलेक्ट्रोडांसारखी चौसष्ट कोपऱ्यांत चौसष्ट माणसं उभी केली आणि एक अडत्या तेच वाक्य शंभर वेळा बोलला, तर कुठला आवाज कुणाचा हे वेगळं काढता येतं. सरांचं गणित तेच करायचं. मिसळलेले सिग्नल सोडवून वेगवेगळे करायचे, जे मेंदूचे नाहीत ते टाकून द्यायचे. त्या टाकलेल्यांना आमच्या खोलीत एकच शब्द होता: कचरा.

शुक्रवारी तिचं पहिलं सत्र झालं. फॉर्म तिच्या दिरानं भरला. ओळखीच्या माणसाच्या आवाजात नाव वाजवायचा आमचा नियम, म्हणून तीनही नावं त्याच्याच तोंडून माझ्या रेकॉर्डरवर घेतली.

"जोरात बोलू का?" त्यानं विचारलं.

"नेहमी घरात बोलता तसं बोला."

तो घरात बोलतो तसा बोलला. माझा हात रेकॉर्डरवर होता, तरी दचकला.

सत्र वाया गेलं. ती दात आवळत राहिली. जबड्याचा स्नायू कानशिलापर्यंत येतो. तो आवळला की स्क्रीनवर बारीक रेघांच्या जागी काळा पट्टा उमटतो आणि त्याखाली मेंदू पुरला जातो. पडद्यापलीकडून खुर्रर्र असा दातांचा आवाज मला कानांनी ऐकू येत होता. पुढचा एक दात तिनं आधीच अर्धा मोडून घेतला होता.

सरांनी संध्याकाळी आलेख पाहिले. "बाई, ह्याला डेटा नाही म्हणत, दळण म्हणतात," ते म्हणाले. "आपली कुठली मूर्खपणाची चूक नाही ना?"

"माझ्या यादीत एकतीस गोष्टी आहेत. एकतीस बरोबर आहेत."

"मग बत्तिसावी शोधा."

एरवी मी असल्या बोलण्याकडे दुर्लक्ष करते. पण त्या दिवशी वॉर्डातून निघताना दोन गोष्टी पाहिल्या होत्या. पहिली म्हणजे तोंड धुणं. जेवण नाकातल्या नळीतून पोटात जात असलं तरी तोंड रोज स्वच्छ करावं लागतं, नाहीतर घाण फुप्फुसात उतरते. सिस्टर पन्नाशीची, खमकी. तिनं पलंगाच्या डोक्याशी लावलेल्या पाटीवर पाहून नाव घेतलं, "तोंड उघड गं," म्हणाली, आणि जबडा असा बंद झाला की आतून कट्‌ आवाज आला. मग एका आयानं डोकं धरलं, दुसरीनं खांदे, आणि सिस्टरनं दातांच्या फटीत लाकडी पट्टी घातली. हिरडी फाटली. रक्त हनुवटीवरून गळ्यात उतरलं. सिस्टर घामाघूम होऊन म्हणाली, "दिवसातून दोनदा ही मारामारी. मला काय हौस आहे?"

दुसरी गोष्ट तिचा भाऊ. खराडीतल्या एका कंपनीत सुरक्षारक्षक, मूळचा विदर्भातला, बहिणीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. तो जिन्यात माझी वाट पाहत उभा होता.

"मॅडम, मले एकच सांगा. तिले आयकू येते का?"

"अजून सांगता येत नाही."

"डॉक्टर म्हणून राहिले, बुधवारच्या राउंडपर्यंत काहीच दिसलं नाही तर नळीसकट घरी पाठवतो. काही दिसलं तर वरच्या मजल्यावर ठेवतो, व्यायाम-बियाम देतो. घर म्हणजे सासर, मॅडम. सही सासऱ्याची हाय." त्यानं टोपी काढून हातात घेतली. "नवरा आत हाय. उद्या ती बोलली तर तो आतच राहील. मंग त्या घरात तिले कोण जगू देईल? नळीत वरण जास्त घट्ट घातलं तरी काम होते."

नळीतलं वरण. मी अठरा वर्षं हे काम करते, माझ्या ते कधी डोक्यात आलं नव्हतं.

शनिवारी मी कचऱ्याची यादी काढली. टाकलेली प्रत्येक नोंद मी क्रमांकासह लिहून ठेवते. सर हसतात. त्यांच्या मते घंटागाडीत काय गेलं याची नोंद ठेवणारी पुण्यात मी एकटीच. दातांमुळे बाद झालेल्या नोंदींसमोर मी त्या वेळी कोणतं नाव वाजत होतं ते लिहीत गेले. दुसऱ्या पानावर आल्यावर पेन थांबलं. परक्या नावांवर दोन-चार. बाकी झाडून सगळ्या तिच्या नावावर.

सरांच्या टेबलावर वही ठेवली. "कचऱ्याला नाव कळतंय," मी म्हटलं.

त्यांनी वही वाचली, मग दिराचं रेकॉर्डिंग लावलं, आणि पुन्हा लावलं. "परकी नावं हा गृहस्थ वाण्याकडे यादी वाचल्यासारखी वाचतो. तिचं नाव मात्र अंगावर धावून आल्यासारखं. मोठ्या आवाजाला कुत्रंही दचकतं. डॉक्टर हेच म्हणतील, आणि बरोबर म्हणतील."

"मग माझ्या आवाजात घेते. तिन्ही एका पट्टीत."

"घ्या. आणि जबडा आवळलेला असताना खाली मेंदू काय करतो ते मला दिसत नाही. त्याला गप्प करणारं काहीतरी आणा."

ते काहीतरी सोमवारी मिळालं, आणि ते शोधायची अक्कल माझी नव्हती. सकाळी दीर चहाला खाली गेला होता, भाऊ ड्यूटी संपवून थेट आला होता. मी तारा तपासत होते. तो पलंगाजवळ वाकला आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाला. दोन अक्षरी नाव. मला वाटलं, तो दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय.

"कुणाला हाक मारताय?"

"हिले."

"फॉर्मवर तर तीन अक्षरी नाव आहे."

"ते लग्नातलं. त्यांच्या घरचं." तो ओशाळल्यासारखा हसला. "आमच्याकडे कोणीच त्या नावानं बोलावत नाही. मले तर ते पटकन आठवतही नाही."

मी खुर्चीवर बसले. बत्तिसावी गोष्ट सापडली होती, आणि ती कुणाला नाही तरी मला पहिल्या दिवशी सापडायला हवी होती. माझंही नाव ताम्हणातल्या तांदळात अंगठीनं लिहून बदललेलं आहे. पहिले काही महिने कुणी नव्या नावानं हाक मारली की मी वळायचेच नाही, कारण ती मला आहे हे लक्षातच यायचं नाही. सासूबाईंना तो माज वाटला. तिसऱ्यांदा हाक मारूनही मी गेले नाही तेव्हा स्वयंपाकघरातून लाटणं आलं आणि पाठीच्या कण्यावर बसलं. त्यानंतर त्या नावाला मी कधी उशीर केला नाही. आजही कुणी ते नाव मागून घेतलं की आधी पाठ ताठ होते, मग मी वळते.

आमच्या फॉर्मवर पहिली ओळ होती: रुग्णाचे संपूर्ण नाव. आम्ही ते तिचं नाव समजलो.

सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दोन्ही घ्या. एक परकं. ऐंशी-ऐंशी-ऐंशी. आवाज तुमचाच. परवानगीच्या कागदात काय आहे?"

"नाव ऐकवायची परवानगी आहे. कोणतं ते लिहिलेलं नाही."

"वा. कधी नव्हे तो मोघम लिहिल्याचा फायदा."

मंगळवारी सकाळी वॉर्डाशेजारच्या तपासणीच्या खोलीत मी टोपी बसवली. खोलीबाहेरच्या बाकावर भाऊ बसला होता. मी दार लोटलं, आणि तेवढ्यात दीर आला. त्याला वॉर्डातल्या कुणीतरी सांगितलं असावं.

"काय ओ, आज काय नवीन चाललंय आत?"

"तपासणी हाय," भाऊ म्हणाला.

"माझ्या भावजयीची तपासणी, अन्‌ मला इचारायचं न्हाई? तू कोण रं? लग्न लावून दिलं, तुझं काम झालं."

"माही बहीण हाय ते."

"व्हती."

त्यापुढचं मी दाराच्या काचेतून पाहिलं. दिराच्या हातात हेल्मेट होतं. त्यानं ते पट्ट्याला धरून फिरवलं आणि भावाच्या कपाळावर घातलं. भाऊ पडला नाही. भिंतीला टेकला. रक्त भुवईवरून डोळ्यात गेलं तसा त्यानं एक डोळा मिटला आणि दुसऱ्या घावासाठी हात आडवा घातला, अगदी तिच्या मनगटावर खूण होती तसाच. हेल्मेट हातावर बसलं. मग दीर दाराकडे वळला.

मी कडी घातली. नंतर सगळे विचारत होते, भीती वाटली नाही का? वाटली. पण टोपीतलं जेल तासाभरात वाळतं, आणि बुधवार दुसऱ्या दिवशी होता. मी सुरक्षेला फोन लावला आणि बटण दाबलं. तिच्या कानात माझा आवाज सुरू झाला: परकं नाव, माहेरचं नाव, सासरचं नाव, पुन्हा माहेरचं.

दार हादरत होतं. लाथा होत्या की हेल्मेट, कळत नव्हतं. प्रत्येक दणक्याची वेळ मी वहीत लिहीत गेले. दणके नावांच्या तालात पडत नाहीत, ते वाटेल तेव्हा पडतात, म्हणून सरांच्या गणितात ते वेगळे निघणार होते. मला माहीत होतं. तरीही त्या पानावरचं अक्षर बघवत नाही. आणि मग तो दणके थांबवून बाहेरून ओरडला. तेच तीन अक्षरी नाव. "ऊठ! ऊठ म्हणतो ना! नाटक करती काय?"

स्क्रीन काळी झाली. पडद्यामागून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. मी धावत गेले. उरलेला अर्धा दात तिच्या ओठावर पडला होता. डोळे छताकडे, उघडे, कोरडे. मी दात उचलून ट्रेमध्ये ठेवला, ओठ पुसला, तिच्या हातावर हात ठेवला. हेडफोनमधून माझाच आवाज बारीक येत होता. त्यानं सासरचं नाव घेतलं आणि माझ्या तळव्याखाली तिची मूठ दगडासारखी झाली. पुढचं नाव परकं होतं, मूठ तशीच राहिली. त्यानंतरचं माहेरचं. मूठ सुटली.

मी सत्र थांबवायला हवं होतं का? सासरचं नाव अजून तीस वेळा वाजायचं होतं. मी थांबवलं नाही. तिचा हात धरून तीसही वेळा तिथे उभी राहिले.

सुरक्षेचे दोघे येऊन दिराला खाली घेऊन गेले. पोलिसही आले, आणि त्याला त्या दिवसापुरतं आवारात यायला बंदी झाली. भावाच्या कपाळाला सहा टाके पडले.

सरांनी दुपारभर मान वर केली नाही. दाराचे दणके निघाले. पापण्या निघाल्या. मग जबडा निघाला, स्वतंत्र, आणि सरांनी तो नावांनुसार मांडला: सासरच्या नावावर उंच डोंगर, परक्यावर सपाट, माहेरच्या नावावर सपाट. आवाज एकच, पट्टी एकच. मग त्यांनी जबड्याखालून सोडवलेला मेंदू लावला. माहेरच्या नावानंतर सेकंदाच्या एक तृतीयांश भागाने एक लाट उठत होती. परक्या नावानंतर ती नव्हती. डाव्या बाजूला, जिथं हाड काढलेलं होतं, तिथे ती सगळ्यात मोठी होती, कारण मध्ये हाड नसलं की सिग्नल कमी अडतो. सरांनी नोंदींचे दोन भाग करून दोन्ही वेगळे पाहिले. दोन्हीत लाट तिथेच.

"आहे," सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. "बाई, ती आहे."

बुधवारी मी आलेख छापून नेले. डॉक्टर भले गृहस्थ, पण घाईतले. त्यांनी कागद उभे-आडवे पाहिले. "छान आहे. पण हा तुमचा अभ्यास आहे, त्यावर मला पेशंट हलवता येत नाही. मला पलंगाजवळ दाखवा."

"सिस्टर, तोंड धुवायचं राहिलंय ना?" मी विचारलं.

"राहिलंय. दोन आया बोलावल्यात."

"आयांना थांबू द्या बाहेर."

आधी डॉक्टरांनी स्वतः करून पाहिलं. पाटीवरचं नाव घेतलं, "तोंड उघडा," म्हणाले. जबडा आवळला, कालच्या जखमेतून पुन्हा रक्त आलं. "हे असंच असतं," ते म्हणाले. "रिफ्लेक्स."

मी भावाला पुढे बोलावलं. त्याच्या कपाळावर पट्टी, एक डोळा सुजून बंद. त्याला काय करायचं ते मी सकाळी सांगून ठेवलं होतं, तरी तो आधी नुसताच उभा राहिला. मग वाकला.

त्यानं नाव घेतलं. काही झालं नाही. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं.

त्यानं पुन्हा घेतलं. "आ कर नं वं," म्हणाला. काही झालं नाही. पण जबडा आवळलाही नाही. सिस्टरच्या ते लक्षात आलं. तिनं हातातली पट्टी खाली ठेवली.

"मी हाय नं. दुसरं कोणी नाही. आ कर, माय."

खालचा ओठ आधी सुटला. मग दात एकमेकांपासून वेगळे झाले, थांबत थांबत, गंजलेलं दार ढकलावं तसे. बोटभर फट. आत सगळं सोललेलं होतं. सिस्टरनं श्वास रोखून कापूस फिरवला, एकदा, दोनदा, जिभेखाली. तिनं चावलं नाही.

"परत सांगा," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "आता बंद करायला सांगा."

भावानं सांगितलं. तोंड मिटलं. उघडायला सांगितलं. उघडलं.

डॉक्टरांनी फाइल मागवली आणि उभ्यानंच वरच्या मजल्यासाठी लिहिलं. सासरा वॉर्डाच्या दाराशी होता. "पण सही तर माझी लागते," तो म्हणाला. डॉक्टर न बघता म्हणाले, "डिस्चार्जला लागते. मी डिस्चार्ज देत नाहीये."

सिस्टर पाटीपाशी गेली. इतक्या दिवसांत तिनं त्या नावानं किती हाका मारल्या असतील ते तीच मोजत असावी, कारण ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मला काय माहीत? पाटीवर जे असतं ते आम्ही म्हणतो." मग तिनं खिशातून चिकटपट्टी काढून त्या तीन अक्षरांवर लावली आणि पेन भावाकडे दिलं. त्यानं पट्टीवर दोन अक्षरं लिहिली. अक्षर शाळकरी होतं.

माझ्या वहीत हिशेब असा आहे: पहिल्या सत्रात एकशे वीस, दुसऱ्यात ऐंशी. सासरचं ते नाव मी तिच्या कानात दोनशे वेळा घातलं. त्यातलं ऐंशी वेळा स्वतःच्या आवाजात. आमच्या फॉर्मवर आता दुसरी ओळ आहे: कोणत्या नावाला ओ देता? आणि बरोबर आलेल्या नातेवाइकांना मी ती पेनानं नाही भरू देत. आधी पलंगाजवळ नेते, ते नाव घ्यायला लावते आणि जबड्याकडे पाहते.